आत्याच्या टोंगळ्यातली टाचणी

माझ्या सख्ख्या आत्यावर मी करणी केली होती, ही गोष्ट वर्ध्यात, नालवाडीतल्या आमच्या गल्लीत एक अख्खी दुपार सर्वांना मान्य होती. त्यातला काही वेळ तर मलासुद्धा! (मी निर्दोष आहे. पण हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा म्हणालो, की आता ते म्हटलं की लोक जास्तच संशयानं बघतात.)

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. मला नोकरी नव्हती. शिक्षण होतं; घरात वापरायच्या वस्तूंचं डिझाइन करायचं. खुर्ची, बादली, मोरीतला पाट, चहाची गाळणी, या वस्तू माणसाच्या अंगाला सोयीच्या कशा होतील, ते आम्हाला शिकवतात. बाबांचं नालवाडीतच नळ-पाइपांचं दुकान आहे. त्यांना मी हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बादली आधीपासून हायेच. तू फक्त तिच्याकडं पाहून राह्यला."

बाबांची जीभ काळी असावी, कारण पहिल्याच मुलाखतीत मला बादली आली! त्या लोकांची पद्धत अशी, की प्रश्नोत्तरं थोडी आणि प्रात्यक्षिक फार. समोर बसवतात, एक वस्तू देतात आणि म्हणतात, ही म्हाताऱ्या माणसासाठी सुधारून दाखवा. आणि करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. माझी तर वाचाच बसली. तळहाताला असा घाम, की पेन्सिल हातात राहीना. शेवटपर्यंत मी अवाक्षर न काढता एक बादली काढली. चांगली काढली होती. कडीची सावलीसुद्धा दाखवली होती.

"पण तुम्ही विचार काय केलात?" त्यांनी विचारलं.

"बादलीचा," मी म्हणालो. मुलाखत तिथंच संपली.

तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला तरी मी उभा राहून उचलायचो. आणि एक दिवस पुण्याच्या एका कंपनीचा फोन आलाच. घरगुती वस्तू बनवणारी कंपनी, पुढच्या आठवड्यात ऑनलाइन मुलाखत, प्रात्यक्षिकासकट! मी आनंदानं ओरडायला तोंड उघडलं आणि भीतीनं मिटलं. बाबांनी बातमी ऐकली, हिशेब केला आणि निकाल दिला.

"हे पाह्य, पंकू. या खेपेला जमलं तं जमलं. नाई जमलं तं दिवाळीपासून दुकानावर बसजो. लय झालं घरात बसणं."

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. पेंटरकडून नवीन पाटीही रंगवून आणली. दुकानाचं नाव, आणि त्याच्याखाली 'आणि सुपुत्र'. ती पाटी बोळीत भिंतीकडं तोंड करून उभी केलेली होती. येता-जाता तिची पाठ दिसायची. नळाचं दुकान वाईट नाही हो. पण एल्बो आणि टी या पाइपांच्या जोडांमधला फरक मला अजूनही गर्दीच्या वेळी सांगता येत नाही. गल्ल्यावर बसवला असता, तर निम्म्या वर्ध्याच्या मोऱ्या मी तुंबवल्या असत्या.

मग मी तेजसला फोन केला. हा आमच्या कॉलेजचा सिनियर, मोठ्या शहरात मोठ्या पगारावर. तो म्हणाला, "दोनच गोष्टी कर. एक, आजपासून सगळा विचार मोठ्यानं करत जा, म्हणजे त्या दिवशी तोंड उघडेल. दोन, घरातल्या खऱ्या माणसांवर सराव कर. उठता-बसताना त्यांचं अंग कुठं दुखतं ते बघ, फोटो काढ, दुखऱ्या जागी खुणा कर."

एवढं साधं सांगितलं होतं त्यानं! दुसरा कोणी असता तर साधंच केलं असतं.

मी मोठ्यानं विचार करायला लागलो. आई पोळ्या लाटत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, डब्याकडं टक लावून बोलत होतो, "आता मी डबा पाहतोय. झाकण गोल आहे. ओला हात यावरून सटकेल का? सटकेल. मग काय करावं?"

"डबा जागेवर ठेवून द्यावा," आई म्हणाली.

आंघोळीला गेलो तरी तेच. "आता मी मग्गा उचलतोय. मनगट वळलं. मनगटाला त्रास झाला का? झाला." दारावर थाप पडली.

"कोणाशी बोलून राह्यला रे पंकू?"

"स्वतःशी!"

 मग आईचा बारीक आवाज. "मंग तो काय म्हणते?"

मला हसू आलं. बाहेर येऊन तिचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं. ती चेष्टा करत नव्हती. भ्यालेली होती बिचारी. त्यातून शेजारच्या लताकाकू! कुंपणापलीकडं उभ्या राहून आमच्या घरातलं सगळं ऐकायचं, हा त्यांचा रोजचा नेम. त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "माह्या मामेसासऱ्याचं असंच सुरू झालतं. आधी थे डब्याशी बोलत."

"आन् मंग?"

"मंग डबा बोलाले लागला."

त्या दिवसापासून आई डबे कपाटात बंद करून ठेवायला लागली.

अशात रोहणा गावची आत्या डोळे दाखवायला वर्ध्याला आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नुसत्या आवाजावर वावर राखणारी बाई! तिनं हाक मारली की दोन वावरांपलीकडचं रानडुक्कर माघारी फिरतं, असं बाबा सांगतात. तिचे टोंगळे, म्हणजे गुडघे, मात्र जुने दुखणेकरी. खाली बसली की उठताना भिंत, खिडकी, माणूस, जे हाताशी येईल ते धरणार. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं! तेजस म्हणाला होता ते खरं माणूस पिशवी घेऊन आपणहून दारात आलं होतं.

"आत्या, तुझे फोटो काढायचे आहेत."

ती लगेच इस्त्रीचं लुगडं नेसून आली. मी तिला पाटावर बसवलं. "आता ऊठ. थांब! अर्ध्यात थांब!"

"अर्ध्यात कशी थांबू रे बैताडा? मी का दरवाजा हाय?"

"एकडाव अजून, आत्या. या बाजूनं."

फोटोच्या हौसेपायी ती दुपारभर उठली-बसली. आईचे काढले, ओट्यावरून वरचा डबा काढताना. बाबांचे काढले, पाइपाचा गठ्ठा उचलताना. सगळ्यांचे नखशिखांत फोटो मी मोठे करून आणले, मागच्या खोलीत थर्माकोलवर चिकटवले आणि जिथं जिथं ताण पडतो, तिथं तिथं लाल मुंडीच्या टाचण्या टोचल्या. बाबांच्या कंबरेत, आईच्या खांद्यात आणि आत्याच्या दोन्ही टोंगळ्यांत दाटीवाटीनं.

इथंच थांबलो असतो तर घराण्याची अब्रू वाचली असती. पण भ्यालेल्या माणसाला थांबता येत नाही, तो अजून एक काहीतरी करून ठेवतो. मला वाटलं, आपली वस्तू केवढी आहे हे दाखवायला शेजारी एक छोटं माणूस हवं. माती नव्हती, म्हणून कणीक मळली. मुंग्या लागू नयेत म्हणून त्यात हळद आणि मीठ घातलं. हातपाय वाकावेत म्हणून सांध्यांत टाचण्या घातल्या. बाई वाटावी म्हणून आत्याच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. आणि डोक्याला केस हवेत म्हणून आत्याच्या फणीतले केस घेतले!

(हे लिहिताना आता माझ्याच अंगावर काटा आला आहे. पण तेव्हा मी फक्त प्रमाणाचा विचार करत होतो.)

बाहुलीशेजारी एक कापलेलं लिंबूही होतं. ते माझ्या मळमळीसाठी. मुलाखतीची आठवण आली की मी ते हुंगायचो. आणि घरच्यांना बजावून ठेवलं होतं, "मागच्या खोलीत कोणीही यायचं नाही. काम पूर्ण व्हायचं आहे."

मुलाखतीचा दिवस उजाडला. वेळ दुपारी चारची. सकाळी मी आरशासमोर मोठ्यानं विचार करत होतो, तेवढ्यात आत्याचा आवाज आला.

"अवो माय! टोंगळ्यात कोणी सुया टोचून राह्यलं वो!"

तिला अंथरुणातून उठताच येईना. (आदल्या दिवशी दुपारभर तिला उठवलं-बसवलं कोणी होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प राहिलो.) दुकान उघडताना बाबांच्या कंबरेत चमक भरली आणि ते वाकडे होऊन घरी आले. आईचा खांदा तर कायमच दुखतो, पण त्या दिवशी तिला तो जास्त दुखतोय असं वाटायला लागलं. शेकायला जाडं मीठ हवं होतं. मिठाचा डबा मागच्या खोलीत!

दुपारी, मुलाखतीच्या आधी, मी पुन्हा आंघोळीला गेलो होतो. मग्ग्याचं नि माझं बोलणं ऐन रंगात आलं असताना आईची किंकाळी आली. तसाच टॉवेल गुंडाळून पळालो. आई मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती आणि बोट आत दाखवत होती.  मागून बाबा आले, वाकडेच. आणि त्यांच्या मागून चक्क आत्या आली, जिला सकाळपासून उठता येत नव्हतं!

आत्यानं भिंतीवरची आत्या पाहिली. तिच्या टोंगळ्यांतल्या टाचण्या पाहिल्या. मग खाली टेबलावरची पिवळी बाई पाहिली, आपलं लुगडं नेसलेली, आपले केस लावलेली, शेजारी कापलेलं लिंबू घेऊन बसलेली.

"सुधाकरा," ती बाबांना म्हणाली. आवाज इतका हळू, की मला तिथंच भेव वाटलं. आत्या हळू बोलते हे आमच्या घराण्यात कोणी पाहिलेलंच नाही. "तुह्या पोरानं मले मारलं रे."

"आत्या, हे एर्गोनॉमिक्स आहे!" मी ओरडलो.

"थो कोण हाय? कोठचा मांत्रिक? नागपूरचा काय?"

"मांत्रिक नाही गं! शास्त्र आहे ते, अंगाला सोयीच्या वस्तूंचं!"

"तुहे केस घेतले का वो त्यानं?" बाबांनी तिला विचारलं.

"फणीतले घेतले," मीच सांगून टाकलं. मोठ्यानं विचार करायच्या सवयीचा तो पहिला तोटा.

आई रडायला लागली. "तरी मी म्हणो, हे कोणाशी बोलते! सोन्यासारखं लेकरू माहं, कोणी बिघडवलं वो!" तिला माझा राग आला नव्हता, हेच वाईट होतं. तिला वाटत होतं, मी आत नाहीच. माझ्या आत दुसराच कोणीतरी बसलाय, डब्यांशी बोलणारा.

कुंपणावरून लताकाकू आल्या. दार होतं, पण घाईत त्यांना सुचलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावून सगळी पाहणी केली आणि मान हलवली. "याले कोणी हात लावू नोका. ज्यानं टोचल्या त्यानंच काढाव्या लागते. पोरावरून मीठ-मिरच्यांचा उतारा करा, आन् थे बाहुली दिवस मावळाच्या आत वाहत्या पाण्यात सोडा लागते."

"काढ," बाबा म्हणाले. बाबा असल्या गोष्टी मानत नाहीत. पण एक हात कंबरेवर होता आणि नजर स्वतःच्या फोटोतल्या कंबरेवर.

मी भिंतीजवळ गेलो.  आत्याच्या डाव्या टोंगळ्यातली पहिली टाचणी उपसली.

"हं!" मागून आत्या. "सुटलं वो! थोडं सुटलं!"

खरं सांगतो, मी ती टाचणी उजेडात धरून पाहिली. मी शिकला-सवरलेला माणूस. पण अंगावर ओला टॉवेल, हातात टाचणी, मागं रडणारी आई. त्या क्षणी मला वाटलं, बापा रे, आपल्या हातून खरंच काही होऊन तर नाही ना गेलं? दुसरी काढली. "आणखी सुटलं!" तिसरी काढताना मी चुकून जरा दाबली, तर आत्यानं अशी बोंब मारली की लताकाकू आईला बिलगल्या. त्यानंतर मी एकेक टाचणी श्वास रोखून काढली. बाबांची कंबर मोकळी झाली. ते हळूच सरळ होऊन पाहायला लागले आणि कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेतली.

राहिली बाहुली. तिच्या टाचण्या काढल्या असत्या, तर तिचे हातपाय गळून पडले असते. आणि चार वाजता मला तीच दाखवायची होती! घड्याळात तीन वाजून गेले होते.

"मुलाखत झाल्यावर सोडू धामीच्या पात्रात," मी हात जोडले. "आई, मी पाया पडतो. हीच एक संधी आहे माझी."

"जळो थे नोकरी! माहं पोरगं जाऊन राह्यलं आन् तुले नोकरी सुचते?" आई स्वतःच्याच पोराला म्हणाली.

मी बाबांकडं पाहिलं. बोळीत पाटी उभी होती. ते नुसतं 'चल धामीवर' म्हणाले असते, तर माझी मुलाखत बुडाली असती आणि पाटी सरळ झाली असती. त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. माझं काळीज असं धडधडत होतं, की मला वाटलं लताकाकूंना तेसुद्धा ऐकू जातंय.

मग ते दुकानदार झाले. "दुकानात दोन गिऱ्हाईकं एकाच टायमाले आले तं आपण एकाले परत धाडतो का? नाई. इकडं याचं इंटरव्यू चालू द्या, मांगून तुमचा उतारा चालू द्या. पाच वाजता बाहुली घेऊन मी याले धामीवर नेतो. झालं!"

हा तोडगा सगळ्यांना पटला. मलासुद्धा पटला, यावरून माझी अवस्था ओळखा.

चार वाजता मी शर्ट-टायमध्ये लॅपटॉपसमोर बसलो. मागं भिंतीला चित्र काढायला मोठा कागद, बाजूला बाहुली, आणि कॅमेऱ्याच्या जरा बाहेर शेगडीवर मिरच्या तडतडायला लागलेल्या. पडद्यावर एक मॅडम आणि एक सर दिसले. मॅडम गंभीर, सर हसतमुख.

"नमस्कार, पंकज. तुमच्या मागे धूर दिसतोय. सगळं ठीक आहे ना?"

"हो मॅडम. स्वयंपाक."

"स्वयंपाक नाई, उतारा!" आत्यानं मागून सुधारलं.

मॅडमनी चष्मा वर केला, पण प्रश्न दिला. घरोघरी दारात चपला पडतात. घरातल्या सगळ्यांना सोयीचं होईल असं काहीतरी सुचवा. अर्धा तास. काढत राहा, बोलत राहा.

आणि माझी वाचा बसली! त्या बादलीच्या वेळी झालं होतं, अगदी तसंच. तळहात ओले, डोकं कोरं, कागद कोरा. मॅडम वाट पाहताहेत. सर घड्याळ पाहताहेत. इतक्या दिवसांचा सराव, डबे, मग्गे, सगळं वाया! मला बोळीतली पाटी डोळ्यांपुढं दिसायला लागली. तेवढ्यात माझ्या नाकासमोरून एक मूठ गेली. आईची. मीठ-मोहऱ्यांची.

"आल्याची, गेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

"शेजाऱ्याची काऊन?" लताकाकूंचा आवाज.

मिरच्यांचा भपकारा आला. मला असा ठसका लागला, की डोळ्यांतून, नाकातून पाणी, आणि त्याच्याबरोबर आतलं सगळं बाहेर!

"मॅडम, आता मी घाबरलोय. खूप घाबरलोय. माझे हात ओले आहेत आणि मला काहीही सुचत नाहीये. ही मूठ माझ्या आईची आहे. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली आहे. तिला वाटतं मला बाधा झाली. चपला. आमच्या दारात चपला आहेत. आत्याच्या पट्ट्याच्या आहेत, तिला वाकून पट्टा सोडता येत नाही, म्हणून ती चपलांसकट आत येते. आई काही बोलत नाही, कारण आत्या नणंद आहे. बाबा कुठंही काढतात, आणि मग त्यांना अडखळून आईच पडते. लताकाकू येतात आपल्या चपला घालून आणि जातात आईच्या घालून..."

"आवो! एकडावच झालतं!"

मी बोलत होतो आणि हात आपोआप काढत होता. चपला जमिनीवर नकोत, कंबरेच्या उंचीवर ठेवायच्या. खाली एक पायरी, पाय वर ठेवून पट्टा सोडायला. आणि बाजूला धरायला एक उभा पाइप.

"पाइप कशासाठी? लाकडी मूठ का नाही?" सरांनी विचारलं.

"आमच्याकडे पाइप खूप आहेत."

सर मोकळेपणानं हसले. मला वाटलं, जमतंय! आणि त्या भरात मी बाहुली उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. "आता बघा. वाकून चपला काढताना गुडघा असा दुमडतो." मी बाहुलीचा टोंगळा वाकवला.

"अवो मायवं!!" मागून आत्यानं किंकाळी फोडली.

मी दचकून तो सरळ केला. "हाऽऽ," आत्यानं सुस्कारा सोडला.

पडद्यावर दोघंही पुढं झुकले. "हे... काय होतं?" सरांनी विचारलं. "परत एकदा वाकवा बरं."

मी वाकवला. "मेली वो! मेली मी!" मी सोडला. "हाऽऽ."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते त्यांनाच ठाऊक. ते खुर्चीत मागं सरकले. "राहू द्या. समजलं. ठेवा ती खाली. हळू ठेवा." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही आमचे स्क्रीनशॉट वगैरे तर नाही ना काढले?"

मॅडम मात्र शांत होत्या. त्या माझ्या मागं पाहत होत्या. "काकू," त्या आईला म्हणाल्या, "डावीकडून नाही, उजवीकडून ओवाळा. माझी सासू तसंच करते." आई मुठीसकट थिजली. मग गुमान उजवीकडून सुरू झाली.

पाच वाजता बाबा मला गाडीवर बसवून धामीवर घेऊन गेले. बाहुली माझ्या मांडीवर, रुमालात.  मुलाखत बुडाली, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. पुलावर गाडी लावून बाबा कठड्याशी उभे राहिले. मी बाहुली पाण्यात सोडली. ती पिवळी, नीटनेटकी म्हातारी वाहत गेली.

"नोकरीचं नाई जमलं तं नाई," बाबा पाण्याकडं पाहत म्हणाले. "पण तू असा एकटा बडबडू नोको बापा. मी बी भेलो."

"तुम्ही? करणीला?"

"करणीले कोण भेते! तू येडा झाला काय म्हणून भेलो. रोज सकाळी दुकानात जावं आन् तिथं बसून एकच विचार. याले आपणच घाबरवलं का, पाटी रंगवून?"

 मोठ्यानं विचार करायची सवय नेमकी तेव्हा कामाला आली नाही. मी त्यांच्या जवळ सरकून उभा राहिलो. त्यांनी कंबर धरली होती. मी दुसऱ्या बाजूनं धरली आणि तसेच आम्ही गाडीपर्यंत आलो.

नंतरच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. घरातले सगळे माझ्याभोवती गोळा झाले. लताकाकू कुंपणाशी.

"पंकज, तुमचं चपलांचं स्टँड अगदी साधारण आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम." 

"बाकीच्या मुलांची चित्रं तुमच्यापेक्षा पुष्कळ चांगली होती. पण त्यांच्या चपला कोणाच्याच नव्हत्या. तुमच्या होत्या. आम्ही तुम्हाला घेतोय. शिवाय आमच्या सरांचाही फार आग्रह आहे. त्या दिवसापासून त्यांची मान धरली आहे. ते म्हणतात, त्या मुलाला लवकर कळवून टाका."

नोकरी मला माझ्या डोक्यावर मिळाली की सरांच्या मानेवर, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. हिंमतच होत नाही! आई रडली, बाबांनी गल्लीत पेढे वाटले, आणि निघायच्या दिवशी सगळी मंडळी मला स्टेशनावर पोचवायला आली. गाडी सुटायच्या वेळी मी आत्याच्या पाया पडलो. तिनं तोंडावरून हात फिरवला. मग तिचा फोन वाजला. रोहण्याहून होता, तब्येतीची चौकशी. आणि आत्या अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हाव, हाव, एकदम बरी हावो! उतारा पक्का लागू पडला. पीडा आत्ताच पुण्याच्या गाडीत बसवली!"